हात न लावलेली फाईल

मल्लिनाथ उंबरजेच्या हाताखालून गेलेला फोटो ओळखायला फार अक्कल लागत नसे. नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट, पापणीचा केस सुटा, आणि गाल मात्र सायीसारखा मऊ. बार्शीत बसस्थानकामागच्या गल्लीत 'उंबरजे फोटो' तेहतीस वर्षं चालू होतं आणि तेहतीस वर्षं गिऱ्हाईक एकच वाक्य बोलत आलं होतं: "अण्णा, तेवढा फोटो जरा साफ करून द्या."

साफ करायचं म्हणजे संगणकावर दोन पट्ट्या सरकवायच्या, एक नॉइजची आणि एक शार्पनेसची. ऐकायला किती सोपं वाटतं! करून बघा म्हणजे कळेल. कॅमेऱ्याला जे दिसतं ते काही न शिजवता जसंच्या तसं साठवलं की त्याला म्हणायचं रॉ फाईल. स्टुडिओवाले तिला सरळ कच्ची म्हणतात. कच्चीत चेहऱ्याबरोबर बारीक दाणेही येतात, रव्यासारखे. उजेड जितका कमी तितका दाणा जास्त. नॉइजची पट्टी ओढली की संगणक शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो आणि दाणे बसवतो. पण दोन बोटं जास्त ओढली की माणूस मेणाचा होतो, सुरकुती जाते, तीळ जातो, ओळखही जाते. मग गेलेल्या कडा परत आणायला शार्पनेस. तो जास्त झाला की नथीभोवती पांढरी कड उमटते आणि उरलेसुरले दाणे अंगावर आल्यासारखे वर येतात.

मल्लिनाथचा नियम ठरलेला होता. नॉइज साठाच्या पुढं न्यायचा नाही, शार्पनेस चाळीसच्या पुढं नाही, आणि गालाला तर शार्पनेस लावायचाच नाही. डोळे, भुवया, दागिने आणि साडीचे काठ, बस्स. या नियमावर त्यानं बार्शी तालुक्यातल्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या उजवल्या.

आणि मग तो शोध लागला.

झालं असं, की नव्या फोनमधले कॅमेरे एका क्लिकमध्ये चौसष्ट फोटो घेऊन एकाच कच्चीत भरायला लागले. कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या लोकांना दिसलं, की आपण ज्याला सरसकट कचरा समजून पुसत होतो ते सगळे दाणे कचरा नव्हते. त्यातले काही नाडीच्या तालावर हलत होते. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट चेहऱ्यावर येते आणि कातडीचा रंग अगदी नखभर बदलतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण कच्चीतल्या दाण्यांना दिसतो. लाट कपाळावर आधी आली की गालावर, किती जोरात आली, परत कशी फिरली, यावरून हृदयाच्या झडपा, रक्तातलं लोह, नसांचा कडकपणा, सगळं वाचता यायला लागलं. या विद्येला नाव पडलं कणवाचन. रक्त काढायला नको, यंत्रात निजायला नको. एक कच्ची द्या, अ‍ॅप हिरवा, पिवळा नाही तर तांबडा गोल दाखवणार.

दवाखान्यासाठी निघालेली वस्तू लग्नाच्या बाजारात यायला आपल्याकडे किती वेळ लागतो? वर्षही लागलं नाही. कालपर्यंत मुलाकडचे म्हणायचे, फोटो आणि पत्रिका पाठवा. आता म्हणायला लागले, "पत्रिका राहू द्या हो, कच्ची पाठवा."

मल्लिनाथला त्या दिवसांत हसू यायचं. जन्मभर ज्या दाण्यांना पुसायचे पैसे मिळाले, तेच दाणे आता लोक मागत होते. स्टुडिओ ओस पडला. सगळ्यांना न पुसलेलं हवं होतं, आणि न पुसलेलं द्यायला उंबरजे फोटो कशाला लागतोय?

त्याच सुमारास दत्ता बगाडे आला. एसटी डेपोत मेकॅनिक, हाताला ग्रीस, डोळे सुजलेले. बरोबर मुलगी होती, ईश्वरी. चांगली उंच, सावळी, हसरी पोरगी. तिला बाहेरच्या बाकावर बसवून बगाडे आत आला आणि दार लोटून घेतलं.

"अण्णा, तीन स्थळं परत गेली," तो म्हणाला. "लहानपणी तिला ताप आला होता, सांधे सुजले होते. त्यात म्हणे हृदयाची एक झडप आखडली. डॉक्टर म्हणतात काही नाही, गोळ्या आणि वर्षाला एक तपासणी. पण ते मेलं अ‍ॅप पिवळं दाखवतंय! पिवळं बघितलं की लोक फोन उचलत नाहीत."

"मग मी काय करू, दत्ता?"

"तुम्ही एवढ्या पोरींच्या तोंडावरचे डाग घालवले. हा एक घालवा की."

मल्लिनाथनं नाही म्हणायला हवं होतं. पण बाहेर बाकावर पोरगी पाय हलवत बसली होती, आणि त्याची स्वतःची गिरिजा तिच्याच वयाची होती. त्यानं ईश्वरीला आत बोलावलं, जुना फोटो हलला होता असं सांगितलं आणि नवी कच्ची काढली. पोरीला काही कळलं नाही. तिनं विचारलं एवढंच, "काका, पदर नीट आहे ना?"

ती गेल्यावर त्यानं नॉइजची पट्टी ओढली. अ‍ॅप म्हणालं, कण नाहीत, फाईल ग्राह्य नाही. मग त्यानं संगणकाचे बनावट दाणे पसरले. अ‍ॅप म्हणालं, कण कृत्रिम आहेत. अ‍ॅपचंही बरोबरच होतं, बनावट दाण्याला नाडी कुठली असणार? दाणा जिवंत माणसाचाच हवा.

जिवंत, निरोगी, चांगल्या उजेडातला दाणा त्याच्याकडे एकच होता. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी गिरिजा न्हाऊन गॅलरीत केस पुसत उभी होती. उत्तरेचा उजेड तिच्या तोंडावर असा पडला होता, की त्याला राहवलं नाही. "हलू नकोस," म्हणून त्यानं तिची कच्ची काढली. गंमत म्हणून अ‍ॅपला दाखवली. सगळीकडं हिरवं. एक गोल पिवळा नाही! बापाची छाती दोन इंच फुगली. तिची आई नुकतीच गेली होती, घरात तेवढंच एक सुख उरलं होतं.

त्यानं गिरिजाच्या गालावरचे दाणे उचलून ईश्वरीच्या गालावर पसरले. रंग थोडा सावळा केला. डोळ्यांना आणि नथीला तीस शार्पनेस दिला, गालाला अजिबात नाही. तोंड ईश्वरीचं आणि नाडी गिरिजाची. अ‍ॅपनं क्षणभर विचार केला आणि हिरवा गोल दाखवला.

बगाडे त्याच्या पायाच पडला. मल्लिनाथनं एक पैसा घेतला नाही. ईश्वरीची मूळ कच्ची मात्र पुसून टाकली, बगाडेच्या फोनमधली जुनी पिवळीही, उगीच पुरावा कशाला? तयार फाईल साठवताना नाव काय द्यावं हे सुचेना, म्हणून लिहिलं, 'गिरिजा-१'.

आता अशी गोष्ट गावात लपते का? कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. कुणाच्या रक्तात लोह कमी, कुणाचा थायरॉइड, कुणाला तर काहीच नाही, नुसतं उजेड वाईट म्हणून पिवळं आलेलं. मल्लिनाथ कुणाला नाही म्हणाला नाही. पाच वर्षांत 'गिरिजा-५३' पर्यंत आकडा गेला. आमच्या पोरीचे दाणे म्हणजे शंभर नंबरी, असं तो मनातल्या मनात म्हणायचा. त्याला त्यात चोरी दिसत नव्हती, लेकीचं कौतुक दिसत होतं.

गिरिजाचं लग्न दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या बसवराजशी झालं. त्या मुलानं कच्ची मागितलीच नव्हती. "मला मुलगी बघायची आहे, तिच्या नसा नाही," असं तो म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर मल्लिनाथनं स्थळ पसंत केलं होतं. आता गिरिजाला पाचवा महिना होता.

मंगळवारी सकाळी तो शटर वर करतोय तोच नंदकुमार गुळवे येऊन उभा राहिला. कापडाचं दुकान, गावात वजन असलेला माणूस. त्याची सानिका म्हणजे 'गिरिजा-३८', लातूरला दिलेली.

"काय केलंत हो अण्णा?" गुळवेचा आवाज चढलेला होता. "सानिकाला काल संध्याकाळी आणून सोडली. बॅग दारात ठेवली आणि गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत!"

"अहो, पण झालं काय?"

"अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. तिनं म्हणे जुन्या साठवलेल्या सगळ्या कच्च्या पुन्हा वाचल्या. सानिकाचा गोल तांबडा. हृदयातून जी मोठी नस निघते ना, तिची भिंत कच्ची आहे, फुगत चालली आहे, कधीही फुटेल, असं लिहिलंय त्यात! माझी पोरगी घोड्यासारखी ठणठणीत. तुम्ही तिच्यावर कुणाचं काय चिकटवलंत?"

मल्लिनाथच्या तोंडून आपोआप निघालं, "अ‍ॅपचंच काहीतरी बिनसलं असेल."

"बिनसलं असेल तर नीट करा. नाही तर मी तुम्हाला नीट करतो." गुळवे तरातरा निघून गेला.

शटर अर्धवटच राहिलं. मल्लिनाथ वाकून आत गेला तोवर फोन वाजायला लागला. वैरागहून एक, पांगरीहून एक, मग गावातलेच दोन. सगळ्यांचं रडगाणं एकच: तांबडं आलं, मोठी नस, भिंत कच्ची. चौथा फोन ठेवून तो खुर्चीवर बसला. वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या जातीच्या पाच पोरींना एकाच दिवशी एकच रोग कसा होईल? रोग त्यांचा नव्हताच. नाडी सगळ्यांची एकच होती.

त्यानं संगणक लावला. गॅलरीतली ती कच्ची उघडली. केस ओले, मान तिरकी, "अप्पा, पुरे की" म्हणायच्या बेतातली गिरिजा. त्यानं ती नव्या अ‍ॅपला दाखवली.

तांबडं.

पुन्हा दाखवली. तांबडं. पाच वर्षांपूर्वी अ‍ॅपला तेवढी एक लाट वाचता येत नव्हती, म्हणून ते हिरवं म्हणालं होतं. आता येत होती.

पुढं त्याच्या हातानं जे केलं, ते त्यानं नंतर कुणालाही सांगितलं नाही. तेहतीस वर्षांची सवय. उजवा हात माउसवर गेला आणि नॉइजची पट्टी सरकत सरकत साठावर आली. डोळ्यांना तीस शार्पनेस. वरून दाणे पसरायचे, ते त्यानं स्वतःच्या तोंडाची कच्ची काढून तिच्यातले पसरले. फाईल अ‍ॅपला दिली. गोल फिरला आणि हिरवा झाला.

आणि देवाशपथ सांगतो, त्याला बरं वाटलं! चांगला अर्धा मिनिट तो खुर्चीला टेकून त्या हिरव्या गोलाकडे बघत बसला. सुटलो बाबा एकदाचे, असं त्याच्या मनात आलं. मग त्याचं लक्ष पडद्यावरच्या पोरीच्या तोंडाकडे गेलं. गाल मऊ, निर्मळ, एक दाणा नाही तिचा स्वतःचा. तो हुंदका देऊन रडायला लागला. रडता रडता त्यानं ती हिरवी फाईल पुसली, मूळ कच्ची पेन ड्राइव्हमध्ये घेतली आणि सोलापूरची एसटी धरली.

तिथं पोचल्यावर काय बोलायचं हे त्यानं गाडीत दहा वेळा ठरवलं आणि दारात उभा राहून सगळं विसरला. गिरिजानं दार उघडलं. पोट दिसायला लागलं होतं, चेहरा ओढलेला.

"अप्पा! फोन नाही, काही नाही? जेवलात का?"

"जेवण राहू दे. डॉक्टरकडं जायचंय."

"कुणाला? तुम्हाला काय होतंय?"

"तुला." एवढंच तो म्हणाला. बसवराज आतून आला, त्यानं सासऱ्याचं तोंड बघितलं आणि एक शब्द न विचारता गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टर नाझनीन पटवेकर बोलायला कोरड्या होत्या, पण हात हलका होता. त्यांनी तासभर गिरिजाच्या छातीवर सोनोग्राफी केली, मग दुसऱ्या मशीनवर नेलं. बाहेर आल्या तेव्हा त्या मल्लिनाथकडे न बघता बसवराजशी बोलल्या. हृदयातून निघणारी मुख्य नस जवळजवळ पाच सेंटीमीटर फुगली होती. जन्मजात भिंत कमकुवत. एरवी पन्नाशीपर्यंत पत्ता लागला नसता, पण पोटात बाळ असलं की रक्त वाढतं आणि दाबही वाढतो.

"किती वेगानं फुगतेय हे कळलं तर ठरवता येईल," त्या म्हणाल्या. "हिची जुनी कच्ची आहे का कुणाकडे? चार-पाच वर्षांपूर्वीची?"

मल्लिनाथनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. 

"याच्यावर काही काम केलंय का? नॉइज काढलाय, शार्प केलंय? तसं असेल तर मला तिचा उपयोग नाही."

"नाही," तो म्हणाला. "या एकीलाच हात लावलेला नाही."

खरंच होतं ते. त्रेपन्न मूळ कच्च्या त्यानं पुसल्या होत्या. ही ठेवली होती, कारण हिच्यातून दाणे उचलायचे असत.

डॉक्टरांनी फाईल बघितली, आकडे मांडले आणि चष्मा काढून ठेवला. पाच वर्षांपूर्वी ती नस जेमतेम फुगू लागली होती, म्हणजे बाळ राहिल्यापासून ती दौडत सुटली असणार. थांबायला वेळ नव्हता. शुक्रवारी ऑपरेशन.

"आणि बाळ?" बसवराजनं विचारलं.

"बाळाचं मी आज काही बोलत नाही. आधी आई. आईचीही खात्री मी निम्मीच देते आहे."

गिरिजाला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. दुपारची वेळ, बसवराज औषधं आणायला खाली गेला होता. ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "अप्पा, मला काही दुखत नव्हतं. मी अ‍ॅप बघितलं नव्हतं. मग तुम्हाला कसं कळलं?"

मल्लिनाथनं सगळं सांगितलं. ईश्वरीपासून सानिकापर्यंत, सकाळचा तो हिरवा गोल तेवढा सोडून.  तो गप्प झाल्यावर तिनं स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"माझे दाणे?"

"हो."

"किती जणींना लावलेत?"

"त्रेपन्न."

"आणि त्यांचे स्वतःचे?"

"पुसले. परत येत नाहीत ते, बाळ. एकदा सरासरी काढली की आधी काय होतं ते परत काढता येत नाही."

"माझा फोटो आज डॉक्टरांच्या कामी आला," ती म्हणाली. "कारण तुम्ही त्यातून चोरत होतात, म्हणून तो जपून ठेवला होता. आणि त्यांचे?"

"मी त्यांच्या बापांच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं, गिरजे. मला वाटलं मी चांगलं करतोय."

"त्या पोरींना विचारलंत का तुम्ही? एकीला तरी? मला विचारलंत?" तिचा आवाज फुटला. "माझ्या पोटातलं जातंय, अप्पा! आणि माझ्या नावाचा रोग लातूरहून कुणाच्या तरी बापाच्या दारात बॅग होऊन पडलाय!"

 तो तिच्या पायाशी बसला. पाय थंड होते, ते त्यानं दोन्ही हातांत धरले. तिनं ते ओढून घेतले नाहीत.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "फोन काढा. नंबर आहेत ना सगळ्यांचे? लावा एकेकीला, माझ्यासमोर. आवाज मोठा ठेवा."

"गिरजे, तुला आत्ता विश्रांती..."

"शुक्रवारनंतर मी असेन की नाही ठाऊक नाही. लावा."

त्यानं यादी उघडली. पहिला फोन गुळवेला. "नंदकुमार, मल्लिनाथ बोलतोय. तो रोग तुमच्या मुलीचा नाही. माझ्या मुलीचा आहे." पलीकडून शिव्या सुरू झाल्या, मग अचानक थांबल्या. गुळवे खालच्या आवाजात म्हणाला, "गिरिजाचा? अरे देवा." आणि त्यानं फोन ठेवला.

दुसरा वैरागचा. तो रोग तुमच्या मुलीचा नाही, माझ्या मुलीचा आहे. तिथली बाई म्हणाली, "हे लेखी द्या, आमच्या पाहुण्यांना दाखवायचंय." तिसऱ्यानं आनंदानं आरोळीच ठोकली, मग लाजून म्हणाला, माफ करा. चौथ्यानं विचारलं, तुमची मुलगी बरी आहे ना? मल्लिनाथ प्रत्येक वेळी तेच वाक्य बोलत होता आणि प्रत्येक वेळी खाटेवरची पोरगी ते ऐकत होती. माझ्या मुलीचा आहे. माझ्या मुलीचा आहे. मग तो यादी खाली सरकवायला लागला.

"एक नंबर सोडलात तुम्ही," गिरिजा म्हणाली. ती यादीकडे बघत होती. "पहिलाच."

"तो नंतर करतो."

"आत्ता, अप्पा."

यादीत बगाडेचा नव्हे, ईश्वरीचाच नंबर होता. बरीच रिंग वाजली. मग फोन उचलला गेला आणि आधी नुसता श्वास ऐकू आला, जोरजोरात, तुटक.

"थांबा हां... गच्चीवर आलेय... खाली रेंज नसते." पुन्हा श्वास. "हं, कोण?"

"पोरी, मी उंबरजेकाका. बार्शीचा फोटोवाला."

"अय्या काका! बोला ना." दम खात ती हसली. "तुम्ही पदर नीट करून फोटो काढला होता."

मल्लिनाथनं ते वाक्य म्हटलं. मग पुढचंही म्हटलं, जे बाकीच्यांना म्हणावं लागलं नव्हतं. तिच्या झडपेचं, पिवळ्या गोलाचं, तिच्या बापानं लोटून घेतलेल्या दाराचं.

पलीकडे नुसता श्वास चालू होता. दोन जिने चढून आलेला तो श्वास अजून खाली बसला नव्हता.

"मला गोळ्या होत्या," ती शेवटी म्हणाली. "लग्न ठरल्यावर बाबांनी बंद केल्या. म्हणाले, आता तू बरी झालीस, फोटोत हिरवं आलंय. मी खरंच मानलं. काका, मला पाण्याची कळशी उचलवत नाही. पाच वर्षं झाली, सासरचे म्हणतात कामचुकार आहे, कच्ची तर हिरवीगार! परवा तांबडं आलं, तर सासूबाई म्हणाल्या, अ‍ॅपलाही नाटकं शिकवलीस." ती थांबली. "म्हणजे मी नाटक करत नव्हते."

"नाही, पोरी."

"मलाही वाटायला लागलं होतं, की मी करतेय."

मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मागं धाप लागली तेव्हा कुर्डुवाडीचे डॉक्टर म्हणत होते, पहिली जुनी फाईल असेल तर आण. झडप बिघडलीय का ते बघता येईल. ती आहे का हो तुमच्याकडे? पहिली?"

मल्लिनाथ उंबरजे तोंड उघडं ठेवून बसला.  तेहतीस वर्षं तो हात लावत आला होता, आणि आता कुणीतरी त्याच्याकडे हात न लावलेलं मागत होतं.

गिरिजानं त्याच्या हातातून फोन घेतला.

"ईश्वरी, मी गिरिजा. अप्पांची मुलगी. तुझी फाईल नाही गं उरली. जे तुझ्या तोंडावर आहे ते माझं आहे." तिनं डोळे मिटले. "तू आता खाली उतरू नकोस. कुणाला तरी वर बोलाव, आणि तिथूनच सरळ दवाखान्यात जा. कुणी नाटक म्हणालं तर मला फोन लावून दे. मी शुक्रवारपर्यंत आहे."

फोन ठेवून तिनं तो बापाला परत दिला नाही. यादी वर सरकवली आणि पुढचा नंबर स्वतःच लावला.

"नमस्कार. उंबरजे फोटोमधून बोलतेय. तुमच्या मुलीच्या फोटोत जे तांबडं दिसतंय ते तिचं नाही, माझं आहे. तिचं स्वतःचं काय आहे ते आता आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. तिला आज तपासून आणा."

अजून सत्तेचाळीस नंबर होते.